अजिह्मग : बाणाची काठी आणि रॉकेटाचे पर

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द वारंवार येतो, आणि तो वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा धनुष्याला लावलेला तीर उभा राहतो. हा दोष वाचकाचा नव्हे. रामायण-महाभारताच्या संस्कारात वाढलेल्या मनाला बाण म्हटले की धनुष्य आठवणारच. परंतु सतराव्या आणि अठराव्या शतकांतील लष्करी लेखनात हा शब्द जेथे दारूगोळ्याच्या संगतीत येतो तेथे त्याचा अर्थ वेगळा आहे. तो बाण म्हणजे दारूने भरलेली, काठीला बांधलेली आणि पेटवून सोडलेली नळी. आजच्या भाषेत सांगायचे तर रॉकेट. शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली. मात्र वस्तू बदलत असताना तिच्या एका अंगाचे काम मुळीच बदलले नाही, ते अंग म्हणजे तिचे शेपूट. तिराला पीस, दारूच्या बाणाला वेळूची काठी आणि आजच्या रॉकेटाला चपटे पर, ही त्या एकाच कामाची तीन रूपे आहेत. ती कशी निवडली गेली याचा विचार जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा परिसर समोर ठेवून प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या परिसराची निवड करण्यास दोन कारणे आहेत. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले ज्या व्यवस्थेचे भाग होते त्या व्यवस्थेत बाणांचा साठा ही नित्याची बाब होती. दुसरे कारण आजचे आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महादुर्बीण आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त तेथे अनेक वर्षे भरत आलेल्या प्रदर्शनाला आसपासच्या शाळांतील मुले आपापल्या प्रतिकृती घेऊन येतात. शाळांच्या विज्ञानप्रदर्शनांतील एक आवडता विषय म्हणजे उडणाऱ्या रॉकेटाची लहान प्रतिकृती. ती करताना पहिला प्रश्न पडतो तो शेपटाशी लावायच्या पात्यांचा आकार कोणता असावा हा. उत्तर बहुधा डोळ्यांना काय शोभते यावरून दिले जाते. त्यात त्या पात्यांना आपण ‘पंख’ म्हणतो, आणि हा शब्दच मुलांना चुकीच्या वाटेला लावतो असे माझे मत आहे. त्याकडे पुढे येईन.

प्रथम शब्दार्थाचा निर्णय करू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५च्या सुमाराच्या ग्रंथात, दुर्गप्रकरणी दारूखान्याची तपशीलवार व्यवस्था सांगितली आहे. दारूखाना राहत्या घरांच्या जवळ नसावा, त्याला तळघर असावे, दारूची मडकी माचावर ठेवावीत, आणि बाण व हुक्के मधल्या घरात ठेवावेत, अशी ती योजना आहे. या वस्तू सर्द होऊ देऊ नयेत, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने त्या बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवाव्यात, असेही तेथे सांगितले आहे. माझ्या दृष्टीने अर्थनिर्णयाला हा एक आदेश पुरेसा आहे. धनुष्याचे तीर दारूखान्यात ठेवण्याचे काही कारण नाही, आणि हवालदाराने मोहोर तोडून त्यांना पंधरवड्याला ऊन दाखवावे याला तर मुळीच नाही. ज्या बाणाला दारूइतकेच ओलाव्याचे भय आहे तो बाण दारूचाच असला पाहिजे. नाणेघाटाच्या माथ्यावरील जीवधनासारख्या किल्ल्यावर पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुके हटत नाही हे ज्याने पाहिले असेल त्याला या नियमातील निकड समजावून सांगावी लागणार नाही. सोऱ्यात थोडी जरी अशुद्धता असली तरी तो हवेतील ओल ओढून घेतो, आणि ओल लागलेली दारू एकसारखी जळत नाही. तोफेच्या बाबतीत त्यामुळे गोळा जवळ पडेल एवढेच. बाणाच्या बाबतीत तो कोठे जाईल हेच सांगता येणार नाही.

भाषेच्या अंगाने याला आणखी एक आधार आहे. फारसीच्या संसर्गाने मराठीत ‘तीर’, ‘कमान’ आणि ‘तिरंदाज’ हे शब्द रुळले, आणि लष्करी व्यवहारात धनुर्विद्येचे क्षेत्र त्यांनी व्यापले. त्यामुळे ‘बाण’ हा जुना शब्द एका अर्थी मोकळा झाला आणि नव्या अस्त्राकडे वळला, अशी माझी उपपत्ती आहे. हिंदुस्थानातील फारसी लेखकांनीही या अस्त्रासाठी आपला शब्द न वापरता इथलाच शब्द ‘बान’ या रूपात घेतला. ज्यांच्याजवळ तिरासाठी ‘तीर’ होता त्यांनी रॉकेटासाठी ‘बान’ घ्यावा ही देवाणघेवाण मोठी बोलकी आहे. ‘बाणदार’ हा शब्द अर्धा संस्कृत आणि अर्धा फारसी असून बाण सोडणाऱ्या शिपायाचा वाचक आहे. (‘बाणेदार’ हा विशेषणशब्द ‘बाणा’पासून आलेला आहे, त्याचा येथे संबंध नाही. असा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो म्हणून सांगितले.) मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात ‘बाण’ शब्दाखाली तीर आणि दारूचा बाण हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. दिवाळीच्या दारूकामातील रॉकेटाला मराठी घरांत ‘बाण’ म्हणत आले आहेत, ते या दुसऱ्या अर्थाचे आजवर टिकलेले रूप होय. आपण रॉकेटासाठी ‘अग्निबाण’ असा शब्द योजतो आणि तो नवा व शास्त्रीय समजतो. चेन्नईच्या एका खासगी संस्थेने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या रॉकेटाचे नावही हेच आहे. परंतु अठराव्या शतकातील बाणदाराला त्यातील ‘अग्नि’ हे पद पुनरुक्तीचे वाटले असते.

हा परिसर दारूगोळ्याला परका नव्हता. पेशव्यांनी १७६५-६६ मध्ये तोफांच्या गोळ्यांचा कारखाना काढला तो आंबेगव्हाण येथे. पुण्याचा कारखाना त्यानंतर, १७६९-७० मध्ये निघाला. आंबेगव्हाण या नावाचे गाव जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ आहे. आणि ज्या कागदांवर हे सारे हिशेब उतरले त्यांतही जुन्नरचा वाटा असावा, कारण जुन्नरी हातकागद त्या काळी नावाजलेला होता.

आता शेपटाकडे वळू. अमरकोशात बाणाची जी नावे दिली आहेत ती पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. बाण मारतो किंवा भोसकतो यापेक्षा तो कसा जातो याकडे या नावांचा ओढा अधिक आहे. ‘आशुग’ म्हणजे लवकर जाणारा. ‘खग’ म्हणजे आकाशातून जाणारा, हेच पक्ष्याचेही नाव. ‘पत्री’ म्हणजे पिसे असलेला, हेही पक्ष्याचे नाव. ‘शर’ हे तर मुळात बोरूसारख्या तृणाचे नाव असून ज्या काडीपासून बाण झाला तिच्यावरून बाणाला मिळालेले आहे. आणि या मालिकेत एक नाव आहे ‘अजिह्मग’, म्हणजे वाकडा न जाणारा. बाणाच्या साऱ्या विद्येचा प्रश्न या एका नावात आलेला आहे. जोराने फेकलेली काडी सरळ जात नाही, ती हवेत उलटीपालटी होते. तिला अजिह्मग करण्यासाठी काहीतरी करावे लागते.

ते काय करावे याचे आपल्याकडील एक स्पष्ट विवेचन चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीच्या धनुर्वेदप्रकरणात आहे. बाणाला कोणत्या पक्ष्यांची पिसे चांगली याची तेथे यादी आहे : कावळा, हंस, मोर, गिधाड, कुरर इत्यादी. पिसाची लांबी सहा अंगुळे असावी, शार्ङ्ग धनुष्याच्या बाणाला मात्र दहा अंगुळांची पिसे लावावीत. प्रत्येक बाणाला चार पिसे असावीत आणि ती स्नायूंच्या तंतूंनी घट्ट बांधावीत. हे वाचताना मला नेहमी नवल वाटते ते दोन वेगवेगळ्या मापांचे. धनुष्य बदलले की पिसाचे माप बदलते, म्हणजे शेपटाचा आकार स्वतंत्रपणे सुंदर किंवा असुंदर नसून तो सोडण्याच्या साधनाशी बांधलेला आहे, ही जाणीव ग्रंथकाराजवळ होती. तिरंदाजांना आणखी एक गोष्ट सर्वत्र ठाऊक असते. एका बाणाला लावायची सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातील असली पाहिजेत. डाव्या पंखातील पिसाचा बाक आणि उजव्या पंखातील पिसाचा बाक परस्परविरुद्ध असतो. ती मिसळली तर एक पीस बाणाला एका अंगाला फिरवते आणि दुसरे त्याला अडवते. एकाच बाजूची असली तर बाण स्वतःभोवती फिरत जातो आणि काडीतील बारीकसारीक वाकडेपणा त्या फिरण्यात जिरून जातो.

शेपूट नेमके काय करते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण यापुढील सारे त्यावर अवलंबून आहे. हवेतून जाणारी वस्तू डगमगते तेव्हा ती आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते. तिरप्या झालेल्या अंगावर वारा जो दाब देतो त्याची बेरीज एका बिंदूवर धरता येते, त्याला दाबमध्य म्हणू. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असला तर वारा शेपटाला ढकलून वस्तू पुन्हा सरळ करतो. तो पुढे असला तर तोच वारा तिला आणखी तिरपी करतो आणि शेवटी उलथवतो. देवळाच्या शिखरावरील वातदर्शक कोंबडा वाऱ्याकडे तोंड करून राहतो तो याच कारणाने. म्हणून उपाय दोनच आहेत. पुढचे टोक जड करावे किंवा मागचा पसारा वाढवावा. तिराचे लोखंडी पाते पहिले काम करते आणि पीस दुसरे.

दारूच्या बाणात अडचण अशी की जड नळी हीच सारी वस्तू. वूलिच येथील तोफखान्याच्या संग्रहालयातील हिंदुस्थानी बाणांची जी मापे प्रसिद्ध झाली आहेत त्यांपैकी एकाची नळी सुमारे ३७ मिलिमीटर जाडीची आणि १९८ मिलिमीटर लांबीची असून ती चामड्याच्या पट्ट्यांनी सुमारे १.९ मीटर लांबीच्या बांबूला बांधलेली आहे. याच संग्रहातील दुसरा बाण सुमारे एक मीटर लांबीच्या सरळ तलवारीच्या पात्याला बांधलेला आहे. हे दोन्ही म्हैसूरच्या अस्त्रांचे नमुने म्हणून ओळखले जातात. पहिल्यावर थोडे गणित करून पाहू. बांबू बोटाएवढा, १५ मिलिमीटर जाडीचा आणि भरीव धरला, नळीचा पत्रा ३ मिलिमीटर धरला, आणि नळीचे पुढचे टोक व बांबूचे पुढचे टोक एका रेषेत धरले, तर दारू भरलेल्या बाणाचा गुरुत्वमध्य पुढच्या टोकापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. बाजूने दिसणाऱ्या क्षेत्राचा मध्य मात्र सुमारे ८४ सेंटिमीटरवर येतो. दारू जळून गेल्यावर नळी हलकी होते आणि गुरुत्वमध्य मागे सरकतो, तरीही तो ३७ सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. दोन बिंदूंतील अंतर अखेरपर्यंत जवळजवळ अर्ध्या मीटरचे राहते. आता बांबू काढून टाकला तर काय होते ते पाहा. नळीचा गुरुत्वमध्य आणि तिच्या क्षेत्राचा मध्य दोन्ही दहा सेंटिमीटरवर, म्हणजे एकाच जागी. अशा नळीला सरळ राहण्याचे काही कारण उरत नाही. प्रत्यक्षात तर पुढे सरळ जाणाऱ्या नळीचा दाबमध्य आणखी पुढे, नाकाजवळ असतो. पेटवलेली सुटी नळी कोलांट्या खात सोडणाऱ्याच्याच अंगावर यावयाची.

माझी गृहीते ढोबळ आहेत, परंतु निष्कर्ष त्यांच्या बारीक फरकाने बदलत नाही. काठी ही शोभेची किंवा केवळ हातात धरण्याची वस्तू नव्हती. बाणाचे अर्धे शास्त्र तिच्यात होते. तरीही इतिहासलेखनात नळीचाच बोलबाला होतो. दारूचे प्रमाण, लोखंडाची जाडी, पल्ला यांची चर्चा होते आणि काठीचा उल्लेख एका शब्दात संपतो. याचे एक साधे कारण असे की काठी उरत नाही. २०१८ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील नगर, म्हणजे जुने बिदनूर, येथील एका कोरड्या विहिरीत हजाराहून अधिक बाण सापडले, म्हणजे सापडल्या त्या लोखंडी नळ्या. वेळू कुजतो, चामडे कुजते, लोखंड राहते, आणि जे राहते त्याचाच इतिहास लिहिला जातो.

काठीच का, चपटे पाते का नाही, हा प्रश्न येथे साहजिक आहे. माझ्या समजुतीने त्याचे उत्तर कारागिराच्या हातात आणि बाणदाराच्या खांद्यावर आहे. वेळू सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला, आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या रानापर्यंत, फुकट उगवतो. तो हलका आहे, सरळ आहे आणि त्याला बांधण्यापलीकडे काही कारागिरी लागत नाही. लोखंडी नळीला पत्र्याचे पाते पक्के जोडायचे तर जोडकाम असे लागेल की जे दारूच्या आचेत सुटणार नाही आणि सगळी पाती सारख्याच कोनात बसवील. एखादे पाते किंचित तिरपे बसले तर ते नसलेले परवडले. शिवाय पात्यांचे बाण एकमेकांत अडकतात, काठ्यांची मोळी बांधता येते. काठीचा दोष असा की ती लांब असते, ओलीने वाकते, आणि नळीच्या एका बाजूला बांधलेली असल्यामुळे जोर मध्यरेषेतून जात नाही. आज्ञापत्रातील ऊन देण्याच्या नियमाचा लाभ दारूइतकाच काठीलाही होत असला पाहिजे. बाण नेमका कोठे पडेल याची खात्री देता येत नसे. तो घोड्यांच्या आणि हत्तींच्या फळीवर सोडावयाचा होता, आणि तेथे त्याचा आवाज व जाळ यांनी अर्धे काम होत असे.

म्हैसूरचे बाण पाहून इंग्लंडात विल्यम कॉन्ग्रीव्हने १८०४ नंतर आपली रॉकेटे केली. त्याने नळी सुधारली, परंतु काठी प्रथम बाजूलाच ठेवली. पुढे १८१५च्या सुमारास त्याने ती नळीच्या तळाच्या मध्यावर आणली आणि जाळासाठी तिच्याभोवती भोके ठेवली. विल्यम हेलने १८४४ मध्ये काठी काढून टाकली, ती पात्यांच्या बळावर मात्र नव्हे. त्याने जाळच तिरपा सोडून रॉकेट स्वतःभोवती फिरते केले. एकाच बाजूच्या पंखातील पिसे निवडणाऱ्या तिरंदाजाची युक्ती हेलने वेगळ्या रीतीने पुन्हा शोधली, असे म्हणण्यास हरकत नाही.

विसाव्या शतकातही हा प्रश्न सुटलेला नव्हता. रॉबर्ट गॉडर्डने १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले तेव्हा त्याने ज्वलनकक्ष वर आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. वरून ओढलेली वस्तू लोलकासारखी सरळ राहील, ही समजूत चुकीची होती. जोर रॉकेटाबरोबरच वळतो, त्यामुळे तो कोठे लावला याने सरळपणा येत नाही. जर्मनीत डिसेंबर १९३७ मध्ये उडवलेल्या ‘अ-३’ या रॉकेटांची कथा याच्या उलट आहे. त्यांचे पर इतके जोरकस होते की बाजूच्या वाऱ्यात रॉकेटे वाऱ्याकडे तोंड वळवीत आणि आतील नियंत्रणयंत्रणेला ती आवरत नसत. शेपूट कमी पडले तर रॉकेट उलटते, जास्त झाले तर ते वातदर्शक कोंबडा होऊन बसते. भारतात थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी गेलेले पहिले रॉकेट अमेरिकी होते, आणि २० नोव्हेंबर १९६७ रोजी गेलेले ‘रोहिणी-७५’ हे ७५ मिलिमीटर व्यासाचे भारतीय रॉकेट. पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रसंशोधन संस्थेत विकसित झालेल्या ‘पिनाक’ या २१४ मिलिमीटर व्यासाच्या रॉकेटाचे पर नळीच्या अंगाशी दुमडलेले असतात आणि ते बाहेर पडताच उघडतात. तेथे पराचा आकार वाऱ्याने जितका ठरवला तितकाच सोडण्याच्या नळीने ठरवला. शार्ङ्गधराची सहा आणि दहा अंगुळे येथे पुन्हा आठवतात. पिनाक हे शिवाच्या धनुष्याचे नाव रॉकेटाला मिळाले ही भाषेची आणखी एक गंमत.

प्रतिकृतींच्या रॉकेटांचा छंद अमेरिकेत १९५७च्या सुमारास संघटित झाला. आरंभी पर पुरेसे आहेत की नाहीत हे पाहण्याची रीत अगदी साधी होती. रॉकेटाची बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापून काढावयाची, ती सुरीच्या पाठीवर तोलावयाची, आणि तोल सापडतो तो दाबमध्य समजावयाचा. वर बाणाचे गणित मी याच रीतीने केले आहे. ही रीत वस्तू पूर्ण आडवी झाली असता खरी, सरळ जाणाऱ्या रॉकेटाला ती लागू करताना दाबमध्य वाजवीपेक्षा पुढे दिसतो. त्यामुळे मुले गरजेपेक्षा मोठे पर लावीत. रॉकेट सुरक्षित होई, परंतु जड होई आणि वाऱ्याकडे वळे. जेम्स बॅरोमन या अभियंत्याने १९६६ मध्ये लहान कोनांसाठीची गणिती पद्धत छंदिष्टांच्या हाती दिली. तीत नाकाचा वाटा आणि परांचा वाटा वेगवेगळा काढून त्यांची बेरीज करतात. दाबमध्य गुरुत्वमध्यापासून निदान एका व्यासाइतका मागे असावा हा संकेत तेव्हापासून सर्वमान्य आहे.

आता आकाराचा प्रश्न. लंबवर्तुळाकार पर उत्तम असे पुस्तकांतून सांगितले जाते, आणि सिद्धांताने ते खरेही आहे, कारण पर वाऱ्याला तिरपा असताना त्याच्या टोकाशी होणारा रोध त्या आकारात सर्वांत कमी होतो. परंतु रॉकेट सरळ जात असताना पर तिरपा नसतोच. तेव्हा हा लाभ डगमगण्याच्या क्षणांपुरताच राहतो. शाळेच्या पातळीवर आकृतीच्या या वादाला मिळते तेवढे महत्त्व देऊ नये असे माझे मत आहे. पुढची कड गोल घासलेली आणि मागची कड निमुळती केलेली असेल तर साधा समलंब चौकोनही, बोथट कडांच्या लंबवर्तुळाहून चांगला चालतो. आकृतीहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती आकृती जमिनीवर कशी उतरते. मागे झुकलेले, बाणाच्या पिसासारखे दिसणारे पर दाबमध्य मागे नेतात, म्हणून मोहक वाटतात. परंतु रॉकेट छत्रीवर खाली येते तेव्हा त्यांची मागे आलेली टोके प्रथम जमिनीला टेकतात आणि मोडतात. म्हणून टोक नळीच्या तळाच्या थोडे वरच राहील असा आकार बरा. बाणदाराला ही चिंता नव्हती, त्याचा बाण परत यावयाचा नव्हता. पर फार उंच आणि पातळ असला तर वेगात तो थरथरतो. लाकडी असेल तर लाकडाचे तंतू पुढच्या कडेला समांतर हवेत, आणि पन्हळी पुठ्ठ्याचा असेल तर आतील पन्हळी त्याच दिशेने धावल्या पाहिजेत. तीन पर पुरतात. चौथ्याने सरळपणा वाढतो आणि रोधही वाढतो.

नारायणगाव-मंचरच्या शाळांत बाल्साचे लाकूड सहज मिळणार नाही. तेथे प्लास्टिकच्या बाटलीचे, पाणी आणि दाबलेली हवा यांवर उडणारे रॉकेट अधिक सोयीचे, आणि ते शिकवण्यास अधिक चांगले. दोन लिटरच्या बाटलीचा व्यास अकरा सेंटिमीटरच्या जवळपास असतो, म्हणजे दोन मध्यांत निदान तेवढे अंतर हवे. पाणी तळाशी असल्यामुळे सुटण्याच्या क्षणी गुरुत्वमध्य मागे असतो आणि पाणी गेले की तो पुढे सरकतो. म्हणून धोका पहिल्याच क्षणी. परांचा आकार वाढवीत बसण्यापेक्षा नाकात मूठभर शाडू दाबून बसवला तर काम स्वस्तात होते. परीक्षाही सोपी आहे. गुरुत्वमध्याशी दोरी बांधून प्रतिकृती डोक्याभोवती फिरवावी. नाक पुढे ठेवून ती फिरली तर पर पुरेसे आहेत. उलटी किंवा आडवी फिरली तर तिला आकाशात पाठवू नये.

खोडदला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथील तबकड्या या दृष्टीनेही पाहाव्यात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तीस तबकड्या गोविंद स्वरूप यांच्या योजनेनुसार भरीव पत्र्याच्या न करता बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या केल्या, त्याचे एक मोठे कारण वारा. जाळीतून तो निघून जातो आणि सांगाड्यावर भार कमी येतो. तेथे वाऱ्याला वाट द्यावयाची आहे, परात त्याला अडवावयाचे आहे.

आता शब्दाविषयी. ‘पंख’ म्हटले की उचलून धरणारे अंग मनात येते, कारण पक्षी आणि विमान पंखांवर तरंगतात. मग मुलगा लांब, पसरट, विमानासारखी पाती काढतो आणि ती दोनच काढतो. रॉकेटाची पाती त्याला उचलत नाहीत, ती त्याला फक्त वळू देत नाहीत. त्यांची खरी पूर्वज पक्ष्याचा पंख नसून बाणाचे पीस आहे. पिसासाठी मराठीत ‘पर’ हा शब्द आहे. तो फारसीतून आला असला तरी ‘पराचा कावळा’ करण्याइतका आपला झालेला आहे. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत माशाच्या ज्या अवयवाला ‘पर’ म्हणतात तोही माशाला तोल आणि दिशा देणाराच. तीर, मासा आणि रॉकेट या तिघांना पुरेल असा हा शब्द हाताशी असताना ‘पंख’ चालू ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. नवा संस्कृत शब्द घडवण्याचीही गरज नाही. घडवायचाच असेल तर संस्कृतात ‘पुंख’ तयार आहे. बाणाच्या पिसे लावलेल्या मागच्या टोकाचे ते नाव. बंगालीत ‘पुंखानुपुंख’ हा शब्द बारकाईने केलेल्या तपासणीला आजही वापरतात. मराठीत रॉकेटाच्या ज्या मागच्या भागाला पर चिकटतात त्याला ‘पुंख’ म्हणता येईल, आणि परिभाषेच्या पुढील आवृत्तीत ‘बाण’ या शब्दाखाली ‘तीर’ या अर्थाच्या शेजारी नळी, काठी आणि पुंख ही तिन्ही अंगे नोंदवता येतील.